‘रणांगण’ला नुसती प्रेमकथा म्हणू नका

इथे इतक्या वेगवेगळ्या मराठी पुस्तकांवरची वाचकांची मतं एकत्र वाचायला मिळाली, छान वाटलं. पण ‘रणांगण’ म्हणजे ‘बोटीवरची छोटीशी प्रेमकथा’ हे त्यातलं एक मत मला अजिबात पटलं नाही. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 सालची, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षीची. हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. तिला परतायला देशच उरलेला नाही. हे बाजूला ठेवलं तर तिचं प्रेम इतकं उतावीळ का, ते कळणारच नाही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही ते कळलं नव्हतं. दुसऱ्या वाचनात मात्र शेवटची पानं पुढे सरकेनात.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची, म्हणजे त्यांच्या बंडाच्या काळातल्या प्रवासवर्णनाची, भाषा जड आहे, हे मत खरं. तरी पहिली वीस-पंचवीस पानं नेट लावून वाचाच. 1858 मध्ये वेढा पडलेल्या झाशीत हा माणूस स्वतः अडकला होता! पुस्तक छापून आलं ते थेट 1907 मध्ये.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीबद्दल दोन्ही बाजूंचं वाचलं. मी आवडणाऱ्यांमध्ये.