काकीच्या हंड्याचं बूड

आज संध्याकाळी पुन्हा कुणीतरी पाणंदीच्या टोकाला कचरा पेटवला. वारा खारा, त्यामुळे सगळा धूर सरळ आमच्या खळ्यात. सुकत घातलेली सोलं, चार ताटं आंबापोळी, सगळ्यावर काळे कण. आई ताटं आत ओढेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मी तडक गेलो. पेटवणारा वाडीतलाच मुलगा. म्हणतो, "दादा, जाळल्याशिवाय सपतलो काय तो?"

घरी येऊन फोन उघडला तर ग्रुपवर तेच, फक्त मोठ्या शब्दांत. आपल्या तालुक्यात कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प आणा, कचरा पण जाईल आणि लाईट पण येईल. खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

माझी काकी न्हाणीचं चुलाण रोज पहाटे प्लास्टिकने पेटवायची. पावसात सोडणं (नारळाची सालं) ओली, चुडतं (माडाच्या झावळ्या) धुमसतात, पिशवी मात्र बेगीन पेटते. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, तुटक्या चपला, गोळ्यांची रिकामी पाकिटं, काहीही. मुंबईहून येताना मी पिशव्यांचा गठ्ठा बांधून आणायचो, कारण तिने सांगून ठेवलेलं असायचं, "झिला, पिशये टाकू नको हां, घेवन ये." केवढी खूश व्हायची!

चुलाणावरच्या पाण्याच्या हंड्याच्या बुडाला साधी काजळी नसायची. काळा, चकाकणारा थर, नखाने ओरबाडला तर सालीसारखा निघायचा. आणि चुलाणातली राख? तिनेच काकी भांडी घासायची. तीच मिरचीच्या आणि दोडक्याच्या आळ्यात टाकायची.

आता कुणीतरी म्हणेल, पूर्वी पण भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं, करायचेच ना. करायचे. पातेरा, कवळं, शेण. ती राख तरव्याची (भाताच्या रोपांच्या वाफ्याची) होती, शेताचं शेतात जात होतं. त्यात गोळ्यांची पाकिटं नव्हती. ती पाकिटं, वायरी, रेक्झिन यांत क्लोरीन असतं. असलं काही मंद, धुमसत्या आगीत जळलं की डायऑक्सिन नावाचं विष तयार होतं. ते हवेत विरून जात नाही. गवतावर, मातीवर बसतं, तिथून दुधात, अंड्यात, माशांच्या चरबीत, आणि मग आपल्या. म्हणून तर कचरा जाळायच्या भट्टीचे नियम इतके कडक आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं, भट्टीच्या दुसऱ्या कक्षात, जिथे धूर पुन्हा जाळतात, किमान ९५० अंश तापमान हवं आणि धूर तिथे २ सेकंद तरी राहायला हवा. काकीच्या चुलाणात ९५० अंश कुठून येणार? पाणंदीच्या टोकाला कुठून येणार?

बरं, प्रकल्पवाल्यांनो, स्वीडन-डेन्मार्कात चालतं, मान्य. तिथे त्या उष्णतेवर घरं तापवतात, धूर गाळायला मोठी यंत्रणा असते. दवाखान्याचा काही कचरा जाळावाच लागतो, तेही मान्य. पण डेन्मार्कचंच तंत्र आणून १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला दिवसाला ३०० टन कचऱ्याचा प्रकल्प उभा केला होता. थोड्याच दिवसांत बंद! कचरा ओला, मातीने भरलेला, पेटतोय कुठे? पुन्हा वापरात न येणारा आणि किलोमागे १५०० किलोकॅलरी तरी उष्णता देणारा कचरा पुरायचा नाही, ऊर्जेसाठी वापरायचा, असं आपल्याच २०१६ च्या नियमांत होतं. आमच्या कचऱ्यात शहाळी, आंब्याच्या बाठी, माशांची खवलं, आणि वर जून ते सप्टेंबरचा पाऊस. तो पेटवायला शेवटी भट्टीत प्लास्टिक आणि पुठ्ठाच घालणार, म्हणजे जे भंगारवाला आजही नेतो तेच. आणि एवढं करून वजनाच्या साधारण पाव हिस्सा राख उरतेच. ती कुणाच्या आळ्यात टाकणार?

वेंगुर्ला काही लांब नाही. तिथल्या नगरपरिषदेने कचरा घराघरातून वेगळा करून घेतला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घातलं. जिथे कचरा टाकायचे तिथे आज लोक फिरायला जातात. हे आपल्याच मातीत झालंय ना?

काकी शेवटची काही वर्षं खोकून खोकून वाकली होती. धुरामुळेच, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही, मीही छातीठोक सांगू शकत नाही. पण गठ्ठे बांधून आणणारा मी होतो. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

त्या मुलावर मी जास्तच ओरडलो. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "मगे खय टाकू, दादा?" मला उत्तर देता आलं नाही. घंटागाडी वरच्या सडकेवरून निघून जाते, खाली वाडीत उतरतच नाही. त्याच्या घरात दोन म्हातारी माणसं, त्यांनी पिशव्या घेऊन घाटी चढायची का? राग त्याच्यावर काढायचा नव्हता. उद्या सकाळी त्याच्याकडे जाईन.

आमच्या पडवीत दोन गोणी टांगल्या आहेत. वाडीतल्या सगळ्यांनी पिशव्या धुवून, सुकवून आणा, मी दर रविवारी भंगारवाल्याकडे पोचवेन. गोळ्यांची पाकिटं वेगळ्या डब्यात द्या. ती तो घेत नाही, त्यांचं काय करायचं ते बघू, पण चुलाणात घालू नका.