ग्रेट्झकीचे आकडे फुगलेले? मग बाकीच्यांचे का नाही फुगले?

‘ऐंशीच्या दशकात गोलकीपर कच्चे होते, पॅड छोटे होते. वेन ग्रेट्झकी आज खेळला असता तर चारचौघांसारखा ठरला असता.’ आइस हॉकीच्या चाहत्यांत हे विधान दर मोसमात नव्याने फिरतं. त्याला दोन शेपट्याही असतात: त्याचा संघच तगडा होता, आणि खेळ बदलल्यावर तो संपला.

गोलकीपरचं खरं आहे. १९८१-८२ मध्ये एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. हल्ली सहाच्या थोडे वर होतात. पण ते कच्चे गोलकीपर काही एकट्या ग्रेट्झकीच्या वाट्याला आले नव्हते. ब्रॅडमनवरून वाद निघाला की आपण काय म्हणतो? त्याच खेळपट्ट्यांवर बाकीच्यांची सरासरी बघा. तेच इथे करू. त्या मोसमात ग्रेट्झकीचे गुण, म्हणजे गोल अधिक असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाला दिलेला पास), २१२. दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक बॉसीचे १४७. १९८५-८६ मध्ये ग्रेट्झकी २१५, मारिओ लेम्यू १४१. त्यात ग्रेट्झकीचे नुसते असिस्टच १६३! एकही गोल केला नसता तरी पहिला तोच आला असता. आजच्या हिशेबात बसवायला २१५ मधला पाचवा हिस्सा कापून टाका, तरी १७२ उरतात. कॉनर मॅकडेव्हिडच्या २०२२-२३ च्या गाजलेल्या मोसमात १५३ होते.

संघ तगडा होताच. मेसियर, कुरी, कॉफी एकाच ड्रेसिंग रूममध्ये असल्यावर कोण नाही म्हणेल? तो गेल्यावरही त्याच्या या जुन्या संघाने, एडमंटनने, १९९० मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, हेही मान्य. पण ऑगस्ट १९८८ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला तेव्हा या तिघांपैकी कोणीही सोबत नव्हतं. पहिल्याच मोसमात १६८ गुण. पुढे तिथूनच तीनदा तो लीगमध्ये गुणांत अव्वल आला.

राहिली दुसरी शेपटी. १९९७-९८ पर्यंत गोलकीपर गुडघे टेकून खालची बाजू बंद करायला शिकले होते, पॅड रुंदावले होते आणि सामन्यामागे गोल जेमतेम सव्वापाचवर आले होते. त्या दुष्काळात ३७ वर्षांच्या ग्रेट्झकीचे ६७ असिस्ट होते. लीगमध्ये त्याहून जास्त कोणाचेच नव्हते. बरोबरी फक्त यारोमिर यागरची.

ग्रेट्झकीला खाली खेचायचंच असेल तर गोलकीपर सोडा, लेम्यूला पुढे करा. १९९२-९३ मध्ये कॅन्सरवर रेडिएशन घेत, मधले सामने बुडवून, त्याने ६० सामन्यांत १६० गुण केले. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी फिलाडेल्फियात उतरून गोलही केला. सामन्यामागे २.६७ गुण, तेही लीगची सरासरी सव्वासात गोलांवर आलेली असताना. ग्रेट्झकीचा सर्वोत्तम वेग २.७७, पण तेव्हाची सरासरी आठाच्या जवळ. म्हणजे माझ्याच फूटपट्टीने मोजलं तर त्या एका मोसमात लेम्यू किंचित पुढे निघतो. यावर भांडायला या, चहा माझ्याकडून.