खानावळ बाईसाहेबांची

कबुतरं उडवणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. तो बोलतो तुमच्याशी आणि बघतो तुमच्या डोक्यावरच्या आभाळाकडे. बोलता बोलता मध्येच थांबतो, डोळे बारीक करतो, "घारच आहे, घार" असं स्वतःशीच पुटपुटतो आणि सुटलेलं वाक्य भलत्याच ठिकाणाहून उचलतो. मी त्या जमातीतला. अनोळखी लोक मला भाविक समजतात. मान धरली म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर "सतत खाली बघून मोबाइल वापरत असाल" असं म्हणत त्यांनी मला रोज सकाळ-संध्याकाळ मान वर करून आभाळाकडे बघायचा व्यायाम दिला.

ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगतो, ढाबळीचं, म्हणजे कबुतरांच्या घराचं, दार उघडल्यावर थवा एकदम वर झेपावतो, त्या क्षणाला तोड नाही. टिपलर जातीची कबुतरं तर अशी चिवट, की स्पर्धेत वीस-वीस तास पाय न टेकता उडतात. गिरेबाज इतके वर जातात की त्यांचा ठिपका होतो. रोलर मध्येच उलट्या कोलांट्या घेत घसरतात आणि पुन्हा सावरून थव्यात सामील होतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून हे गुण घडवले. आता हीच यादी शिकारी पक्ष्याच्या बाजूने वाचा. भरल्या अंगाचा पक्षी, उघड्या आभाळात, तासन्‌तास, त्याच जागेवर घिरट्या घालतोय आणि अधूनमधून जखमी असल्याचं सोंगही करतोय! आपण ज्याला छंद म्हणतो त्याला वरच्या मजल्यावर वाढप म्हणतात.

आमच्याकडे जेवायला येतात त्या बाईसाहेब, म्हणजे बहिरी ससाण्याची मादी. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा थोराड असते. बहिरी ससाण्याचा नर तर तिच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान. त्यामुळे चिमण्या-मैनांवर भागवणारे ते पतिराज आणि थेट कबुतराला हात घालणाऱ्या त्या बाईसाहेब, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली आहे. पद्धती दोन. बाज आणि शिक्रा झाडाच्या आडोशाला दबा धरतात आणि थवा खाली उतरायला लागला की झाडाझाडांमधून सुसाट येतात. बहिरी ससाण्याला असला चोरटेपणा मंजूर नाही. ती आधी थव्याच्याही वर जाते, मग पंख मिटून सूर मारते. त्या सुरात वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगात श्वास घेता यावा म्हणून तिच्या नाकपुड्यांत हाडाचे छोटे उंचवटे असतात, असं अभ्यासक सांगतात. त्याच वेळी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाचं काय, यावर संशोधन झालेलं दिसत नाही.

संकटाची पहिली वर्दी माझ्याआधी ढाबळीला मिळते. टपावर बसलेलं एखादं जुनं कबूतर मान तिरकी करून एकच डोळा आभाळाला लावतं. त्या डोळ्यात जर नुसती चौकशी असेल तर घार. घारीची दुभंगलेली शेपटी मलाही दिसते आणि मी आव आणून म्हणतो, "काही नाही रे." पण ते कबूतर ताठ झालं, अंग आवळून उभं राहिलं, की समजावं. वर उडणारा सैल थवा एकदम गच्च होतो. सगळी कबुतरं एका अंगाने वळतात, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा वर. ससाण्याच्याही वर राहायची धडपड असते ती. मी खाली हातवारे करतो, शिट्ट्या मारतो, दाण्याचा डबा खुळखुळवतो. भेदरलेलं कबूतर दाण्याला हुंगतही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण काहीतरी केलं पाहिजे. बायको आतून म्हणते, "अहो, शेजारी बघताहेत." बघू देत. शेजारी तर टाळ्या वाजवायच्या बेतात असतात.

गच्च थव्याचं शहाणपण पुस्तकातही आहे. बाज आणि रानकबुतरांवरचा 1978 सालचा एक अभ्यास सांगतो, की एकट्या कबुतरावर बाजाचा हल्ला बहुतेक वेळा साधतो आणि थवा पन्नासच्या वर गेला की क्वचितच. कारण मोठ्या थव्यात कुणाची ना कुणाची नजर बाजावर लवकर पडते. हे वाचून मी कबुतरं वाढवायला निघालो होतो. बायकोने विचारलं, "म्हणजे तिच्यासाठी पानं वाढवायची?" तो विषय तिथेच मिटला.

थवा फुटला की मात्र संपलं. मग प्रत्येक जण आपल्या वाटेने. एखादं पिसांचा पुंजका तिच्या नखांत सोडून, शेपटीवाचून परत येतं. कबुतराची पिसं मुळात सैल बसलेली असतात. जीव वाचतो, अब्रू जाते. काही दोन-दोन दिवसांनी अनोळखी घरांवर मुक्काम करून परततात आणि पुढे कितीतरी दिवस दार उघडलं तरी बाहेर पाय टाकत नाहीत. मी त्यांना समजावतो. ती माझ्याकडे एका डोळ्याने बघतात.

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नाही. प्लास्टिकचं घुबड बसवा म्हणाले, बसवलं. आता त्याच्या डोक्यावर बसायला कबुतरांत मारामारी होते. चकाकणाऱ्या सीडी टांगून झाल्या. पंखांवर मोठे डोळे रंगवा, असंही एकाने सांगितलं. चीनमध्ये शेपटीला बांबूच्या शिट्ट्या बांधून थवा उडवायची जुनी रीत आहे. ऐकायला फार गोड असते म्हणतात, पण आमच्या बाईसाहेबांना मी जेवणाबरोबर संगीतही पुरवावं, हे मनाला पटेना. खरे उपाय दोनच, शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या मोसमात ढाबळ बंद ठेवायची, आणि एरवीही सोडायची वेळ रोज बदलायची. पहिल्या उपायाने कबुतरांचं अंग सुटतं, दुसऱ्याने माझं वेळापत्रक.

रंगाचा घोळ तर विचारूच नका. कबुतरं पाळणारा सर्वांत थोर माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. त्याने 1859 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे, की युरोपात काही ठिकाणी पांढरी कबुतरं पाळू नका असं लोकांना बजावतात, कारण ससाण्याच्या नजरेत तीच आधी भरतात. झालं, माझी पांढरीशुभ्र जोडी मी एका लांबच्या मित्राला दिली. पुढे 2005 सालचा एक अभ्यास हाती आला. तो म्हणतो, ज्या कबुतराच्या फक्त कमरेवर पांढरा पट्टा असतो, ते बहिरी ससाण्याला चकवतं. तेव्हापासून मी प्रत्येक पिलाची कमर तपासतो. घरात या गोष्टीवर चर्चा होत नाही.

शिबी राजाची गोष्ट लहानपणी त्यागाची वाटायची. आता ती मला ढाबळवाल्याची वाटते. कबूतर वाचवायला राजा मांडीचं मांस कापून तराजूत टाकतो आणि कबुतराचं पारडं काही वर येत नाही. येणार कसं? मोसमभर बंद ठेवलेली माझीही कबुतरं अशीच जड होतात. आणि शेवटी तो ससाणा निघतो साक्षात इंद्र! म्हणजे तक्रार न्यायची तर न्यायची कुठे?

कायद्याकडेही नाही. शिकारी पक्ष्यांना बहुतेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. अमेरिकेत 2007 साली रोलर पाळणाऱ्या काही जणांना बाज मारल्याबद्दल पकडलं. त्यांचा संताप मला समजतो, पण बाजूने मात्र मी उभा राहणार नाही. आभाळ तिचं आधीचं आहे. सरकार एकदाच आमच्या बाजूने उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, निरोप्या कबुतरांच्या रक्षणासाठी ब्रिटिश सरकारने बहिरी ससाणे मारायचा हुकूम काढला आणि शेकडो मारले गेले. पुढची गंमत त्याहून मोठी. 1960 च्या सुमारास तिथल्या कबूतरवाल्यांनी ओरड केली, की ससाणे फार माजलेत, संरक्षण काढा. सरकारने मोजणी करवली. निघालं उलटंच, ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते. त्याचा माग काढत शास्त्रज्ञ डीडीटीपर्यंत पोचले, त्या विषाने अंड्यांची कवचं पातळ होत होती. पुढे त्यावर बंदी आली आणि ससाणे सावरले. थोडक्यात, बाईसाहेबांचं घराणं टिकलं त्यात आमच्याच लोकांच्या तक्रारअर्जाचा हात आहे. आमच्या वाट्याला यशही असंच येतं.

हे सगळं माझ्या पक्षीनिरीक्षक मित्राला सांगितलं, तर तो भारावून गेला. हा मित्र पूर्वी वर्षातून एकदा यायचा. बाईसाहेबांची बातमी लागल्यापासून कॅमेरा, तिपाई आणि घरचा डबा घेऊन गच्चीवर ठाण मांडतो. आभाळात झटापट चालली की मी "वाचव रे देवा" म्हणतो आणि तो म्हणतो "जरा अजून खाली, जरा अजून!" आम्ही दोघं एकाच देवाला एकाच वेळी उलट विनंत्या करत असतो आणि देवाचा कल कुणीकडे आहे हे शिबीनेच सांगून ठेवलंय.

परवा त्याच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. मधोमध मोठा फोटो, पंख पसरलेली बाईसाहेब, नखांत माझा राखी पट्टेवाला. पायातल्या कड्यावरून मी ओळखला. खाली पाटी: फाल्को पेरेग्रिनस, मादी, भक्ष्यासह.

"भक्ष्याला नाव होतं," मी म्हटलं.

"सांग ना, पाटीवर घालतो. बरं, उद्या किती वाजता सोडतोस?"

"वेळ बदललीय. तुला तर मुळीच सांगणार नाही."

"नको सांगूस," तो लेन्स पुसत म्हणाला, "तिला माहीत असते. मी तिच्यावरच लक्ष ठेवतो."