देणगी कोणाला नाकारायची, हे कोण शिकवणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून महाविद्यालयांत समाजसहभागाला श्रेयांक देण्याची जी चर्चा महाराष्ट्रात चालू आहे, ती इथे अमेरिकेत बसून वाचताना एक उणीव सतत जाणवते. विद्यार्थ्यांनी झाडे लावावीत, सर्वेक्षण करावे, साक्षरतेचे वर्ग घ्यावेत, यावर भरपूर लिहिले जाते. सार्वजनिक कामासाठीचा पैसा कोणाला द्यावा याचा निर्णय त्यांनी कधी घ्यावा, हा विचार मात्र फारसा कोणी मांडत नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही; पण त्यात विद्यार्थी राबतो आणि ठरवणारे दुसरेच असतात.

ओहायो नदीच्या दक्षिणेला, सिनसिनाटी शहरासमोर, नॉर्दर्न केंटकी विद्यापीठ आहे. तिथे २००० च्या सुमारास मेयरसन कुटुंबाच्या फाउंडेशनच्या मदतीने एक उपक्रम सुरू झाला. वर्गाला थोडी रक्कम द्यायची आणि ती परिसरातील कोणत्या संस्थेला द्यावी, हे विद्यार्थ्यांनी सत्र संपेपर्यंत ठरवायचे, इतकी ती साधी कल्पना. विषय समाजकार्यच असावा लागतो असेही नाही, इतर शाखांचे वर्गही त्यात असतात. पुढे वॉरन बफे यांच्या भगिनी डोरिस बफे यांनी अनेक महाविद्यालयांतील अशा अभ्यासक्रमांना दहा-दहा हजार डॉलर दिले, आणि आज ही पद्धत अमेरिकेत बरीच रुळली आहे.

या वर्गांचे खरे बळ वादात आहे. एका महाविद्यालयातील अशा वर्गाच्या बैठकीला मी श्रोता म्हणून बसलो होतो. बेघरांसाठी रात्रनिवारा चालवणारी एक संस्था आणि स्थलांतरितांच्या मुलांना वाचायला शिकवणारी दुसरी, अशा दोनच संस्था उरल्या होत्या. पहिल्या संस्थेचा जवळपास निम्मा खर्च पगारांवर होतो, असा आक्षेप एका विद्यार्थ्याने घेतला. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की निवाऱ्यात रात्रभर जागणारा माणूस हाच तिथला कार्यक्रम असेल, तर त्याचा पगार प्रशासकीय खर्चात कसा धरायचा? पुढचा बराच वेळ याच प्रश्नावर गेला. हा वाद हवेतला नव्हता, कारण करमाफी मिळालेल्या संस्था तिथे दरवर्षी प्राप्तिकर खात्याला जे '९९० क्रमांकाचे' विवरणपत्र देतात, ते कोणालाही पाहता येते, आणि दोन्ही संस्थांची विवरणपत्रे विद्यार्थ्यांसमोर होती.

आपल्याकडे हाच प्रश्न कायद्यातून एका फटक्यात सोडवला जातो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी निधीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हा 'संस्था पगारांवर पैसे उडवतात' हे वाक्य पुष्कळ सुशिक्षित लोकांनी मान डोलावून स्वीकारले. ताळेबंद वाचण्याची सवय विशी-बाविशीत लागली असती, तर निदान प्रतिप्रश्न तरी झाला असता.

आणि अशा सवयीची गरज आता वाढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्यांचा निव्वळ नफा पाच कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, अशा कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. उलाढाल आणि नक्त मूल्य यांचे निकष वेगळेच. या पैशाचे वाटप करायला उद्या बसणारे तरुण आज वाणिज्य, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत आहेत. त्यांना नफा मोजायला शिकवले जाते. गरजू असलेल्या दोन संस्थांपैकी एकीला 'नाही' कसे म्हणायचे आणि त्याची कारणे लेखी कशी द्यायची, हे शिकवले जात नाही.

अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलावा असे मात्र मी म्हणणार नाही. हजार-दोन हजार डॉलरांसाठी दोन-तीन कार्यकर्त्यांच्या संस्थेने पानेच्या पाने अर्ज लिहायचा, विद्यार्थ्यांना काम दाखवायला दिवस मोडायचा आणि शेवटी नकार घ्यायचा, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. शिकणे विद्यार्थ्यांचे आणि वेठबिगार संस्थेची! आपल्याकडे अर्ज मागवूच नयेत. सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतातच. ते मिळवणे, वाचणे आणि संस्थेच्या सोयीने एकदा जाऊन येणे ही मेहनत विद्यार्थ्यांनी करावी. निवड न झालेल्या संस्थेलाही तिच्या वेळेचा लहानसा मोबदला मिळावा.

पैसा कोठून आणायचा, हा पुढचा प्रश्न, आणि परदेशस्थ मराठी मंडळी इथे लगेच उत्साहाने पुढे येतील. त्यांनी परदेशी निधीचा तोच कायदा आधी पाहावा. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी निधी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही २०२० पासून मनाई आहे. म्हणजे आमच्यापैकी अनेकांचे डॉलर या कामाला चालणारच नाहीत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला होता. एका वर्गापुरते पन्नास हजार रुपये जमवणे महाविद्यालयाच्या गावातल्याच माजी विद्यार्थ्यांना जड जाऊ नये.