ओल्या पायात मोजा

अ‍ॅक्वाथलॉन म्हणजे आधी पोहायचं आणि मग पळायचं, मधे सायकल नाही. सायकल आली की ते ट्रायथलॉन होतं, आणि ट्रायथलॉनवाल्यांच्या सायकलींच्या किमती ऐकल्यावर मी ठरवलं की आपल्याला दोनच खेळ बास. आईला सांगितलं तर तिचा एकच प्रश्न, "पाण्यातनं वर आल्यावर पळायचं कशाला, कोण मागं लागलंय?" यावर मला काही सुचलं नाही.

आंतरराष्ट्रीय नियमात स्टँडर्ड अंतर म्हणजे अडीच किलोमीटर पळणं, एक किलोमीटर पोहणं आणि परत अडीच पळणं, पण पाणी 22 डिग्रीच्या खाली असलं की आधी पोहून घ्यायचं आणि मग सलग पाच पळायचं. आमच्या आयोजकांनी पब्लिकची एकूण तब्येत बघून 500 मीटर पोहणं आणि 5 किलोमीटर पळणं ठेवलेलं. ठिकाण कोल्हापूरचा राजाराम तलाव, महिना डिसेंबर, उजाडायच्या आत हजर. त्या वेळेला शहाणी माणसं गोधडीत असतात आणि आम्ही चड्डीवर, दंडावर मार्करनं नंबर लिहून घ्यायला लाईनीत.

त्यात कोल्हापुरात राहून पोहायला जमत नाही म्हणायची सोय नाही. पंचगंगेला पूर आला की पुलावरनं उड्या मारणारी पोरं इथली, 2010 च्या एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ घेणारा वीरधवल खाडे इथला (पोहण्यात भारताला 24 वर्षांनी मेडल, हे इथं पानपट्टीवाला पण सांगेल), त्यामुळं प्रत्येकाला वाटतं आपल्यात पण थोडा वीरधवल आहेच. मी टँकवर क्लास लावून शिकलो. टँकमध्ये तळाला काळी पट्टी असते, तिच्याकडं बघत गेलं की माणूस सरळ जातो. तलावात पट्टी नसते. तलावात काहीच नसतं, नुसता हिरवा अंधार, आपलाच हात कोपराच्या पुढं दिसत नाही आणि पायाला जे लागतं ते शेवाळ आहे असं स्वतःला समजावत राहायचं.

भोंगा वाजला आणि सगळे एकदम घुसले, पहिल्या मिनिटात कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली आणि गॉगलात पाणी. यूट्यूबवर सांगतात की दर सहा-आठ हात मारले की मगरीसारखं डोळ्यापुरतं डोकं वर काढायचं आणि पाण्यावर तरंगणारा खुणेचा नारंगी फुगा बघून दिशा ठरवायची. मी डोकं काढायचो तेव्हा फुगा दरवेळेला वेगळ्या बाजूला असायचा. श्वास एकाच बाजूनं घेतला की माणूस तिकडं सरकत जातो म्हणे, मी तर सरकत सरकत जवळजवळ समोरच्या काठाला निघालेलो. तेवढ्यात शेजारनं एक आबा गेले. साठी ओलांडलेले, विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलेल्या पिढीतले, मान पाण्याच्या वर आणि चेहऱ्यावर बाजाराला निघाल्याचा निवांतपणा. जाता जाता म्हणाले, "आरं पोरा, त्वांड पाण्यात कशाला घालतूयस, वाट दिसत न्हाई त्येनं." आणि गेले सरळ फुग्याकडं. नियमात कुठल्याही पद्धतीनं पोहलं तरी चालतं, आबांना त्याची चौकशी करायची गरजच पडली नव्हती.

कयाकवाला, म्हणजे छोट्या होडीतनं आमच्यावर लक्ष ठेवणारा पोरगा दोनदा येऊन "काका, बरं वाटतंय ना?" विचारून गेला. कयाक धरून दम खाल्ला तर चालतं, फक्त तिच्या जोरावर पुढं सरकायचं नाही. मला दमापेक्षा ते काका जास्त लागलं.

पण हे सगळं ठीक होतं हो. पोहायची प्रॅक्टिस केलेली, पळायची केलेली. खरी रेस असते ती मधली, ट्रान्झिशन, म्हणजे पाण्यातनं वर येऊन कपडे-बूट चढवून पळायला लागेपर्यंतची, आणि तिची प्रॅक्टिस कोण करत नाही. एवढा वेळ आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायात उतरतं आणि डोकं गरगरतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात पाय जरा जोरात मारायचे असतात, हे मला आधी माहीत होतं आणि पाण्यात असताना अजिबात आठवलं नाही. काठावर उभा राहिलो तर तलाव आणि आभाळाची अदलाबदल झालेली. दोन व्हॉलंटियर पोरींनी "शाब्बास काका" म्हणत दोन्हीकडनं धरलं. पुन्हा काका.

आता टी-शर्ट. ओल्या अंगावर कोरडा टी-शर्ट खाली येत नाही, खांद्यापाशी त्याची वळकटी होते आणि तिथंच बसते, हात वर अडकलेले आणि आत अंधार. त्यातनं सुटलो तर मोजे. ओल्या पायात मोजा घालून बघा एकदा, घरी, कुणी बघत नसताना. पुढची बोटं जातात, मग करंगळी बाहेर राहते, ती आत ढकलली की टाच फिरून वरच्या बाजूला येते, परत काढायचा, तोवर तळव्याला माती चिकटलेली, ती पुसायची तर टॉवेल शेजारच्यानं उचललेला. आणि हे एका पायावर उभं राहून, कारण खाली बसलो तर उठण्याची गॅरंटी नाही. जाणकार लोक बुटात आधीच टाल्कम पावडर टाकून ठेवतात आणि नाडीच्या जागी इलॅस्टिक लावतात. मी बायकोच्या सांगण्यावरनं नाडीला डबल गाठ मारून आलेलो, सुटू नये म्हणून. ती आता सुटत नव्हती.

शेजारी आबांनी ओले पाय तसेच जुन्या कॅनव्हासच्या बुटात सारले. मी विचारलं, "आबा, मोजे?" तर म्हणाले, "त्ये आन कशाला?" आणि पळाले पण.

स्वीडनमध्ये हा प्रश्न मुळातूनच मिटवलाय. तिथं 2002 साली एका बेटावरच्या हॉटेलात रात्री पैज लागली, बेटाबेटांवरनं पोहत पळत 75 किलोमीटर जायचं, आणि त्याच पैजेची 2006 पासून रीतसर रेस झाली. तिथं बूट घालूनच पोहतात आणि ओल्या बुटानंच पळतात, काढाघालायची भानगडच नाही. रात्री हॉटेलात पैजा आमच्याकडं पण रोज लागतात, पण त्या पाच प्लेट तांबड्या-पांढऱ्यापलीकडं जात नाहीत.

पळण्याबद्दल काय सांगायचं. विद्यापीठाच्या अंगाचा रस्ता, थोडा चढ, बुटात पचपच आणि टाचेची शिवण पायाच्या वर आलेली. पळालो.

मेडल घेतलं, केळं खाल्लं आणि आम्ही थेट मिसळीला. मित्रानं मोबाईलवर रिझल्ट उघडला, त्यात पोहण्याचा वेळ वेगळा, पळण्याचा वेगळा आणि मधे टी-वन नावाचा रकाना, म्हणजे ट्रान्झिशनला लागलेला वेळ. तो वाचून त्यानं मोबाईल शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांना पण दाखवला. आबा माझ्या आधी इतके पोचलेले की त्यांच्या घरी जाऊन धारा काढून झाल्या असतील. तेवढ्यात कट ओतायला आलेल्या मालकांची नजर माझ्या घोट्यावर गेली. टायमिंगची चिप परत द्यायची राहिलेली, काळ्या पट्ट्यात बांधलेली.

"नजर लागू नये म्हणून बांधलाय व्हय काळा?"

मित्रानं एकदा रिझल्टकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मामा, ह्याला कुणाची लागायची? तुम्ही कट घाला."