दोन वेण्या, एक बस

बायकोला चिकोडीच्या एका पतसंस्थेत नोकरी लागली, तेव्हा निपाणीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत मी पेढे वाटले. वेण्यांचं कुणी बोललंच नव्हतं.

तिची बस पावणेआठला, माझं स्टेशनरीचं दुकान उघडतं दहाला. म्हणजे मधला वेळ, लेक, डबा आणि कुकर माझ्या पदरात. कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो. डबाही जमला, पोह्यांत मीठ दोनदा पडलं ते सोडा. अडलं ते वेण्यांशी. शाळेचा नियम कडक: दोन वेण्या, वर दुमडून, लाल रिबिनीचं फूल.

भांग कपाळापासून नीट सुरू होतो आणि 1956 सालच्या सीमारेषेसारखा भलतीकडेच निघून जातो. दोन्ही बाजूंचे केस नाराज. एक पेड धरला की दुसरा सुटतो. तिसरा दातात धरावा असंही एकदा वाटून गेलं.

"पप्पा, एक वर, एक खाली झालीय. मम्मीला व्हिडिओ कॉल लाव."

2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट. त्यामुळं मम्मीच्या मागं अर्धी बस बायकांची, आणि ती सगळी माझ्या फोनमध्ये डोकावते.

"अहो, मधला पेड घट्ट धरा," बायको हळूच सांगते.

"वढा की वो दादा, पोरगी काय मोडत न्हाई!" मागनं कुणीतरी.

शेजारचा मित्र खिडकीतून विचारतो, "वेण्या घालालायस व्हय?" त्याच्या आवाजातली कीव मला पूर्ण तिकिटाइतकी महाग पडते.

हे सगळं आई कोपऱ्यात बसून बघते. लहानपणी आमची आई 'घरीच असायची', असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. घरीच असायची, हे खरं. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कात्रीनं मापात कापलेली विडीची पानं. दिवसाला हजार विड्या वळायच्या, त्या नेऊन द्यायच्या, त्यातल्या खराब म्हणून काढलेल्यांवर हुज्जत घालायची आणि येऊन भाकरी थापायच्या. आम्हा दोघा भावांची फी त्यातूनच गेली. वडिलांनी कधी कुकर लावल्याचं आठवत नाही. (तेव्हा घरात कुकर नव्हता, एवढं वडिलांच्या बाजूनं.)

परवा दारात रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि माझ्या हातातून रिबीन सुटून खाटेखाली गेली. आईनं काही न बोलता नातीला गुडघ्यांत ओढलं. विडीचं तोंड मुडपणारी तीच बोटं, दोऱ्याचे वेढे देणारा तोच अंगठा. पुढचा हॉर्न वाजायच्या आत दोन्ही वेण्या तयार. फुलंसुद्धा एका मापाची.

"आई, रोजच घालशील का गं?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"घालीन की. हजाराला काय देतोस?"