आईच्या नावानं शिष्यवृत्ती द्यायचीय?

आईचं वर्षश्राद्ध झालं, तिच्या ठेवी मोडल्या, भावंडांत वाटण्या झाल्या आणि कुणाच्याच लक्षात न आलेले ५०,००० रुपये तुमच्याकडे उरले. आता तिच्या नावानं काहीतरी करावं असं तुमच्या मनात घोळतंय. पुण्यात हे प्रत्येकाच्या मनात एकदा येतंच, साधारण पासष्टीच्या सुमारास, गुडघ्यांच्या आगेमागे. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर मी सहा वर्षं आहे. तेव्हा चार गोष्टी ऐकून घ्या, म्हणजे आईचं नावही राहील आणि पैसेही फारसे जाणार नाहीत.

शिष्यवृत्ती नर्सिंगच्या मुलींनाच द्या. इंजिनिअरिंगवाले पैसे खात्यात मागतात आणि समारंभाला फिरकत नाहीत. नर्सिंगच्या मुली येतात, वेळेवर येतात, रांगेत बसतात, नाव पुकारलं की उठतात. पत्रिकेतच छापून टाका: ‘विद्यार्थिनींनी गणवेशात यावे.’ पांढऱ्या गणवेशामागे आपला फ्लेक्स काय उठून दिसतो! शिवाय या कामाला सेवा म्हणतात. फार सोयीचा शब्द आहे. एकदा सेवा म्हटलं की पगार, रात्रपाळी, एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा, असले विषय कुणी काढत नाही. तुमची नात बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली होती तेव्हा घरात काय झालं, तेही इथं सांगायचं कारण नाही. फिजिओथेरपीला घातलीत ना तिला? मग झालं तर.

रकमेचं म्हणाल, तर कायम निधी करा. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून द्यायचं. आमच्याकडे १९९४ साली एका काकूंनी २५,००० ठेवले. तेव्हा बँक दहा टक्क्यांच्या आसपास व्याज द्यायची, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. एका मुलीचे कितीतरी महिन्यांचे डबे त्यात निघायचे. आज साडेसहा टक्क्यांनी १,६२५ होतात. त्यात पांढरे बूट येतात आणि नाडी मोजायला लागतं ते सेकंदकाट्याचं घड्याळ येतं, दोन्ही साधीच. काकूंच्या नावाची पाटी मात्र आम्ही गेल्या वर्षी सोनेरी अक्षरांत रंगवून घेतली. रंगाऱ्यानं २,२०० घेतले.

आता अर्ज. जाहिरातीत ‘गरजू, हुशार व होतकरू’ हे तीन शब्द याच क्रमानं यायला हवेत. यातला गरजू सिद्ध करण्यात मुलीचा एवढा वेळ जातो की हुशार आणि होतकरू राहायला तिला सवड उरत नाही, पण ते तिनं पाहायचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच मागा. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून अर्जाची शेवटची तारीख १० एप्रिल ठेवा. मुलगी भोरची असेल तर नव्या दाखल्यासाठी तिचा एक दिवस जाईल, किनवटची असेल तर चार. ‘आपले सरकार’वर ऑनलाइन मिळतो असं ती सांगेल. मिळतो ना. तलाठी मात्र अजून ऑफलाइनच भेटतो. सोबत प्रतिज्ञापत्रही मागा, स्टॅम्प पेपरवर. असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे कोर्टाच्या आवारात स्टॅम्प विकणाऱ्याला नक्की ठाऊक असतं. तो कामात असतो, इतकंच.

गुणांची अट ७५ टक्के ठेवा. नर्सिंगला बासष्ट टक्के पडले तरी मुली पेढे वाटतात, पण आपण दहावीचा हिशेब धरून चालायचं. आणि पदवीचाच आग्रह धरा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम ही पदविका तीन, एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स दोन. सगळ्यात ओढगस्तीच्या घरातली मुलगी बहुधा एएनएमला जाते, दोन वर्षांत हाताला काम लागेल म्हणून. पुढं तीच कुठल्यातरी खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर लसी, गरोदर बायका आणि तापाच्या गोळ्या एकटीनं सांभाळते. पण आईच्या नावाशेजारी ‘ए.एन.एम.’ बरं दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचं कलम विसरू नका: ‘मी अन्य कोणतीही शिष्यवृत्ती घेत नाही.’ सरकारची योजना तिला लागू असतेच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरलेला असतो, तो कॉलेजच्या क्लार्ककडून प्राचार्यांकडे, तिथून विभागाकडे जातो आणि मध्येच ‘सेंट बॅक’ होऊन परत येतो. पैसे कधी येतील ते तिला माहीत नसतं. तरी ते येणार आहेत ना? मग तुम्ही कशाला द्यायचे! म्हणजे सरकारचे अजून आलेले नाहीत म्हणून ते नाहीत, आणि येणार आहेत म्हणून तुमचेही नाहीत. हे कलम आमच्या खजिनदारांनी सुचवलं. ते पूर्वी विमा कंपनीत होते.

एखादी अभ्यासू मुलगी २०२४ च्या शासन निर्णयाची गोष्ट काढेल. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. तिनं सांगितलं नाही तर तुम्हीच सांगा: ‘आता सगळं फुकटच आहे की तुम्हाला!’ खोली, मेस, पीएमपी बसचा पास, दोन जोड गणवेश, केसांची जाळी, स्टेथोस्कोप, प्रोसिजर बुकं आणि कम्युनिटीच्या पोस्टिंगला न्यायचे तक्ते यांना शुल्क म्हणत नाहीत, हे ती चाचरत सांगेपर्यंत पुढच्या मुलीचं नाव पुकारावं.

मुलाखत घ्याच. तिचा उपयोग काही नसतो, पण समितीला काम मिळतं. आमचे अध्यक्ष प्रत्येकीला दोन प्रश्न विचारतात. पहिला, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही ना? दुसरा, शिकून परदेशात पळणार नाही ना? अध्यक्षांचा मुलगा एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहे आणि त्यांच्या ९१ वर्षांच्या आईचं सगळं अंथरुणात करायला ब्यूरोची मुलगी येते, बारा-बारा तासांची पाळी. त्यामुळं या विषयावर त्यांचा अधिकार मोठा आहे. मागं एकीनं उलट विचारलं, ‘सर, तिकडं सिस्टरला पगार किती असतो?’ अध्यक्षांनी मुलाकडून ऐकलेला आकडा रुपयांत गुणून सांगितला. आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. मग तिचे दहा मार्क कापले.

दुसरी एक होती, तिचे सरकारी पैसे चक्क जमा झाले होते. पण ही रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि तिचं शेवटी जोडलेलं खातं होतं गावच्या बँकेतलं, चुलत्यानं कुठल्याशा कामासाठी उघडून दिलेलं. पासबुक त्याच्याकडे, एटीएम कार्डही त्याच्याकडे. ‘म्हणजे तुला मिळाले तर!’ असं म्हणून खजिनदारांनी तिच्या नावापुढं फुली मारली.

समारंभाचा मुहूर्त म्हणजे १२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती. तेव्हा हॉल स्वस्तात मिळतो, कारण पुण्यातलं कुणी उन्हाचं बाहेर पडत नाही. वेळ अकराची द्या आणि पाहुण्यांना साडेअकरा सांगा, ते सव्वाबाराला येतात. आमच्याकडे गेल्या वर्षी मुली पावणेअकरालाच आल्या होत्या. दोनला त्यांची इव्हिनिंग ड्युटी होती. दुसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या मुलीच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. चिकटवलेल्या जागी डिंकाचा पिवळा ओघळ आणि त्यावर पांढऱ्या पॉलिशचा हात. तो पाय ती डाव्या पायामागं ठेवून बसली होती आणि सारखी मनगट वळवून घड्याळ बघत होती. मुलगी भाषणात रमली नाही याचं आमच्या उपाध्यक्षांना वाईट वाटलं. ड्युटीचे तास चुकले तर ते सुट्टीत भरून काढावे लागतात, असं तिच्या शेजारची हळूच म्हणाली. सुट्टीतला एक दिवस. आईच्या नावासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

भाषणात सावित्रीबाई हव्यातच. १८९७ च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घालून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्याच प्लेगानं त्या गेल्या. हे सांगताना आवाज थोडा भरून आणा. तेव्हा आपल्या पेठेतले आपले पणजोबा कुठल्या गावी जाऊन राहिले होते, ते सांगू नका. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचंही नाव घ्या. १९०९ पासून त्यांनी गरजू आणि विधवा बायकांना शिकवलं, ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. पण सहानुभूतीनं पाठ थोपटण्यापेक्षा त्यांनी राहायच्या जागेची सोय आधी केली, असला तपशील भाषणात बसत नाही. लांबण लागते.

ससूनवरून आठवलं. डेव्हिड ससून यांनी त्या रुग्णालयाला पैसे दिले, १८६४ मध्ये पुण्यातच ते वारले, आणि इमारत उभी राहिली १८६७ मध्ये. म्हणजे एवढे पैसे देऊन ना फीत कापली, ना शाल घेतली, ना एखाद्या सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या आवारात त्यांची समाधी आहे, तिच्यासमोरून रोज शेकडो पुणेकर वर न बघता जातात. तुम्ही असला वेंधळेपणा करू नका.

खर्चाचा अंदाज देऊन ठेवतो. हॉल, फ्लेक्स, सात शाली, सात श्रीफळं, फोटोग्राफर आणि बटाटेवडा-जिलबी मिळून २१,३०० झाले. शिष्यवृत्त्या सहा, प्रत्येकी १,५००, एकूण ९,०००. वार्षिक सभेत एका आजोबांनी दोन्ही आकडे एका श्वासात वाचून दाखवले. तेव्हापासून पहिला आकडा आम्ही ‘समाजप्रबोधन’ या शीर्षकाखाली घालतो. वडे मुलींनाही द्या, पण फोटो झाल्यावर. गणवेशावर डाग पडतात.

मुलीचं मनोगत आधी लिहून घ्या आणि वाचून बघा. आम्ही वाचलं नव्हतं. त्या बूटवालीला माईक दिला, तर तिनं आभार मानले आणि म्हणाली, ‘बीपीचं मशीन घ्यायचं होतं, ते एवढ्यात नाही येणार बहुतेक. पण बूट येतील.’ खरं तर ती खूश होऊन बोलत होती. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा.

चेक मोठा करा, चार फूट बाय दोन. थर्माकोलवर प्लॅस्टिक चिकटवून घेतलं की मार्करनं लिहिलेलं नाव ओल्या फडक्यानं पुसता येतं. आमचा चौथ्या वर्षी चालू आहे. समारंभ संपल्यावर मुली तो घेऊन जायला बघतात, त्यांना थांबवा आणि पाकिटातला खरा चेक द्या. त्यावरचं नाव खजिनदारांच्या हातचं असतं, आणि त्यांनी आडनावात ‘वळवी’चं ‘दळवी’ केलेलं असतं. चेक बँकेतून परत येतो. मुलीचा फोन येतो, तोही दुपारी दीडला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. शिकलेल्या मुलींना पुण्यात दीडला फोन करू नये एवढं कळू नये, याचं नवल वाटतं.

तिच्यावर चिडू नका. सांगा, नवा चेक द्यायला समितीचा ठराव लागतो आणि पुढची बैठक गणपतीनंतर आहे. दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना कार्यालयात मिळेल, दोन प्रती, सोबत आधारची स्वाक्षांकित झेरॉक्स. वेळ सायंकाळी ५ ते ६. मंगळवारी बंद. जिन्यात चपला काढाव्यात.